"कधीपासून?" हे इंग्लिशमध्ये नेमकं कसं विचारायचं

तारकर्लीला माझ्या मावसबहिणीचा छोटा होमस्टे आहे, चार खोल्यांचा. मागच्या डिसेंबरात तिच्याकडे एक परदेशी बाई उतरल्या होत्या. सकाळी घावणे आणि चहा देताना बहिणीला सहज विचारायचं होतं की तुम्ही भारतात कधीपासून आहात, किती दिवस झाले येऊन. तिने विचारलं, "हाऊ लाँग आर यू इन इंडिया?" बाई म्हणाल्या, "टिल द ट्वेंटिएथ." बहिणीला वाटलं यांना नीट ऐकू आलं नसेल, म्हणून तिने शब्द बदलून परत विचारलं, "सिन्स व्हेन यू आर हिअर?" तर त्या बाई एकदम चपापल्या आणि म्हणाल्या, "सॉरी, इज देअर अ प्रॉब्लेम?"

रात्री तिचा फोन आला. "ताई, मी काय वाईट बोलले गं?"

काहीच वाईट बोलली नव्हती ती. पण हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं मालवणात संध्याकाळी मुलांना इंग्लिश शिकवताना ऐकतेय, आणि नुसत्या मुलांकडून नाही, बँकेत काम करणारे, बोटीवर जाणारे, चांगले शिकलेले लोक इथेच अडकतात. चालू असलेली गोष्ट कधी सुरू झाली हे विचारायचं, एवढंच तर आहे. मराठीत तीन वर्षांचं पोर विचारतं. मग इंग्लिशमध्ये जीभ का अडखळते, ते आज नीट मांडते.

आधी मराठीत काय होतं ते बघू

"मी पाच वर्षांपासून मालवणात राहते." या वाक्यात क्रियापद आहे "राहते", साधं वर्तमानकाळातलं. "मी मालवणात राहते" म्हटलं तरी तेच "राहते". म्हणजे पाच वर्षांचा सगळा भार एकट्या "पासून"ने उचललाय, क्रियापदाला काही पत्ताच नाही. दुसरी पद्धत म्हणजे "मला इथे येऊन पाच वर्षं झाली", किंवा "गेली पाच वर्षं मी इथेच आहे". तिथेही काळाचा हिशोब "झाली" नाहीतर "गेली" असल्या शब्दांकडे, आणि "आहे" आपलं "आहे"च.

आपलं डोकं असं तयार झालेलं असतं, त्यामुळे इंग्लिश बोलताना आपण "पासून"च्या जागी "सिन्स" बसवतो आणि क्रियापद तसंच वर्तमानकाळात ठेवतो. "आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." यात मंदबुद्धीपणा वगैरे काही नाही. फ्रेंच आणि जर्मन माणसंसुद्धा आपल्या भाषेत "मी इथे २०१५ पासून राहतो" हे साध्या वर्तमानकाळातच सांगतात, आणि इंग्लिश शिकताना तीसुद्धा नेमकी इथेच घसरतात. या बाबतीत वेगळी वाट धरलीय ती इंग्लिशने.

नांगर, दोर आणि होडी

बंदरावर उभी असलेली होडी डोळ्यासमोर आणा. खाली तळाला नांगर पडलाय, वर पाण्यावर होडी आहे, आणि दोघांना बांधणारा दोर आहे. काम जिथे सुरू झालं तो क्षण म्हणजे नांगर. आत्ताचा क्षण म्हणजे होडी. आणि मधला सगळा काळ म्हणजे दोर.

इंग्लिशचं म्हणणं असं की नांगर आणि होडी एकमेकांना बांधलेली असतील तर तो दोर क्रियापदात दिसलाच पाहिजे. तो दोर म्हणजे "हॅव बीन" नाहीतर "हॅज बीन". "आय अॅम लिव्हिंग हिअर" यात फक्त होडी दिसते, आत्ता इथे आहे एवढंच. "आय स्टार्टेड लिव्हिंग हिअर इन २०१५" यात फक्त नांगर दिसतो, पुढे काय झालं माहीत नाही. आणि "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर सिन्स २०१५" म्हटलं की नांगर, दोर, होडी तिन्ही एकदम दिसतात, म्हणजे तेव्हा सुरू झालं, मध्ये चालूच होतं आणि आत्ताही चालू आहे. शाळेत याला प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस असं भारी नाव दिलेलं असतं, ते आता एकदा वाचलंत तेवढं पुरे, पुढे मी त्याला दोरवालं क्रियापदच म्हणणार आहे.

आता प्रश्न. "हाऊ लाँग" याचा शब्दशः अर्थच "किती लांब" असा आहे, आणि मला हे फार आवडतं कारण दोराची लांबी विचारल्यासारखंच आहे ते, आपले मच्छीमार किती वाव दोर सोडला ते मोजतात ना, तसं. म्हणून चालू असलेल्या कामाबद्दल विचारायची सरळ, सभ्य, कुठेही चालणारी पद्धत ही: "हाऊ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग हिअर?" "हाऊ लाँग हॅज ही बीन वर्किंग इन रत्नागिरी?" "हाऊ लाँग हॅव यू बीन लर्निंग इंग्लिश?" बहिणीला त्या बाईंना विचारायचं होतं ते "हाऊ लाँग हॅव यू बीन इन इंडिया?" एवढंच होतं. "आर"च्या जागी "हॅव बीन".

तो "आर" राहिला म्हणून काय झालं बघा. "हाऊ लाँग आर यू इन इंडिया" यात दोर नाही, नुसती होडी आहे, मग ऐकणाऱ्याला वाटतं की हिला एकूण मुक्काम विचारायचाय, किती दिवस राहणार. म्हणून उत्तर आलं, वीस तारखेपर्यंत. त्या बाईंना प्रश्न बरोबर ऐकू आला होता आणि त्यांनी ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तरही बरोबरच दिलं होतं. मराठीत मागचं विचारलं होतं, इंग्लिशमध्ये पुढचं पोचलं.

"सिन्स व्हेन"ने त्या बाई का दचकल्या

"सिन्स व्हेन" व्याकरणाने चुकीचं नाही. "सिन्स व्हेन हॅव यू बीन लिव्हिंग हिअर?" हे वाक्य नीट आहे. पण रोजच्या बोलण्यात इंग्लिश माणूस हे दोन शब्द बहुतेक वेळा वेगळ्याच सुरात वापरतो. "सिन्स व्हेन डू यू ड्रिंक कॉफी?" म्हणजे हे काय नवीनच, तू कधीपासून कॉफी प्यायला लागलास! "सिन्स व्हेन इज इट युअर बिझनेस?" म्हणजे तुझा काय संबंध.

आपल्याला हा सूर अनोळखी नाही. "तू कधीपासून एवढा शहाणा झालास रे?" यात कोणाला तारीख हवी असते? "कधीपासून" आपल्याकडे दोन्ही कामं करतं, साधी चौकशीही आणि टोमणाही, आणि कोणतं काम चाललंय ते आवाजावरून कळतं. इंग्लिशमध्ये साधी चौकशी "हाऊ लाँग"कडे गेली आणि "सिन्स व्हेन"कडे जास्त करून आश्चर्य नाहीतर जाब राहिला. त्यात बहिणीने क्रियापदही दोराशिवाय ठेवलं होतं, "सिन्स व्हेन यू आर हिअर", आणि टोमण्याच्या वाक्यात क्रियापद बऱ्याचदा असंच साधं असतं. त्यामुळे त्या बाईंना वाटलं असणार की आपण खोली वेळेवर सोडली नाही की काय. हसून विचारलं असतं तरी थोडा फरक पडला असता, पण अनोळखी पाहुण्यांशी बोलताना "हाऊ लाँग"च धरा असं माझं सांगणं आहे.

मग "व्हेन डिड यू स्टार्ट" का नको?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो. एवढी भानगड कशाला, सरळ "कधी सुरू केलं" विचारू की. विचारा, काही बिघडत नाही. "व्हेन डिड यू स्टार्ट वर्किंग हिअर?" एकदम शुद्ध आहे. फक्त "व्हेन हॅव यू स्टार्टेड" असं करू नका, कारण "व्हेन" नांगराची जागा विचारतं आणि "हॅव" दोर दाखवतं, दोघांची एका वाक्यात ओढाताण होते.

पण दोन प्रश्नांत फरक आहे आणि तो कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. मुंबई-गोवा हायवेचं उदाहरण घ्या. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. "व्हेन डिड द वर्क स्टार्ट?" असं विचारलं तर उत्तर २०११, विषय संपला, काम पुढच्या वर्षी पूर्ण झालं असेल तरी उत्तर तेच. आणि "हाऊ लाँग हॅज द वर्क बीन गोइंग ऑन?" असं विचारलं की अख्खा दोर हातात येतो, गणपतीला गावी येताना दरवर्षी खाल्लेले धक्के त्यात आले, आणि काम अजून चालूच आहे हेही त्या प्रश्नातच आलं. आपण एसटीत बसून जो प्रश्न विचारतो तो हा दुसरा.

सिन्स, फॉर आणि आपला लाडका फ्रॉम

"पासून" हा मराठीत मोठा सोयीचा शब्द. २०१५ पासून, सकाळपासून, पाच वर्षांपासून, दोन तासांपासून, सगळीकडे तोच. इंग्लिशमध्ये मात्र नांगराचं नाव सांगायचं असेल तर "सिन्स" आणि दोराची लांबी सांगायची असेल तर "फॉर". २०१५, सोमवार, सकाळ, लग्न झाल्यापासून, लहानपणापासून, हे सगळे नांगर, यांना "सिन्स". पाच वर्षं, दोन तास, तीन महिने, ही दोराची मापं, यांना "फॉर". म्हणून "सिन्स फाइव्ह इयर्स" नाही, "फॉर फाइव्ह इयर्स". आणि "गेली पाच वर्षं" म्हणायचं असेल तर "फॉर द लास्ट फाइव्ह इयर्स". "सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स" हे तर आपल्याकडे अर्जांमध्ये छापलेलं असतं, तिथूनच ते मुलांच्या डोक्यात बसतं.

"हाऊ लाँग" विचारलं म्हणून उत्तर लांबीतच द्यायला हवं असं नाही बरं का. "सिन्स २०१५" म्हटलं तरी चालतं, नांगर सांगितला की लांबी समोरचा काढतो.

"फ्रॉम" कुठे येतं? दोन्ही टोकं सांगायची असतील तिथे. "फ्रॉम नाइन टू फाइव्ह." दुकान किती वाजता उघडतं हे सांगायचं असेल तर "ओपन फ्रॉम नाइन" बरोबर. पण "आय अॅम वेटिंग फ्रॉम मॉर्निंग" नको, कारण "फ्रॉम"ला आत्ताच्या क्षणाशी काही देणंघेणं नसतं. सकाळपासून वाट बघतेय म्हणजे "आय हॅव बीन वेटिंग सिन्स धिस मॉर्निंग".

सिंधुदुर्ग किल्ला आणि जेटीवरचा माणूस

आता थोडं खोल पाण्यात जाऊ, कारण खरी मजा इथे आहे.

सगळ्या क्रियापदांना शेवटी "इंग" लागत नाही. "मी त्याला लहानपणापासून ओळखते" याचं "आय हॅव बीन नोइंग हिम" होत नाही, "आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहूड" होतं. "ही होडी तुमच्याकडे कधीपासून आहे?" म्हणजे "हाऊ लाँग हॅव यू हॅड धिस बोट?" इथे "हॅविंग" नको. दोर तोच आहे, "हॅव", फक्त "बीन" आणि "इंग" गळलं. ओळखणं, असणं, मालकी असणं, ठाऊक असणं या घडत राहणाऱ्या क्रिया नाहीत, त्या नुसत्या असतात.

हे पाठ करायची गरज नाही, आपल्या कानाला विचारा. "मी मालवणात राहतेय", "मी इंग्लिश शिकतेय" हे कानाला बरं वाटतं. पण "मी त्याला लहानपणापासून ओळखतेय" म्हणून बघा, कसंतरीच वाटतं ना, आपण "ओळखते"च म्हणतो. आणि "माझ्याकडे होडी असतेय" तर कोणी म्हणणारच नाही. जिथे मराठीत "तोय, तेय" खटकतं तिथे इंग्लिशमध्ये "इंग" बहुतेक खटकतंच. प्रत्येक वेळी ही परीक्षा चालत नाही, "मला आवडतंय" आपण सर्रास म्हणतो आणि इंग्लिशमध्ये "लाइकिंग" सहसा येत नाही, पण दहातल्या आठ वेळा कान बरोबर सांगतो असा माझा अनुभव आहे.

आणि काही क्रियापदं दोन्हीकडे जातात, तिथे अर्थ किंचित बदलतो. मालवणच्या जेटीवर उभं राहून समोर बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं आणि १६६७ साली पूर्ण झालं. किल्ल्याबद्दल बोलताना म्हणतात, "द फोर्ट हॅज स्टुड इन द सी सिन्स १६६७." आणि जेटीवर तुमच्या बाजूला होडीची वाट बघत उभा असलेला माणूस? "ही हॅज बीन स्टँडिंग हिअर सिन्स धिस मॉर्निंग." उभं राहणं दोघांचंही, पण किल्ला कुठे जाणार नाही, माणूस होडी आली की जाईल. कायमचं, पक्कं वाटतं तिथे "इंग" गळतं, तात्पुरतं वाटतं तिथे येतं. राहणं, काम करणं याबद्दल "हॅव लिव्ह्ड" आणि "हॅव बीन लिव्हिंग" दोन्ही चालतात, त्यात कोणी मार्क कापू नये.

लग्न, येणं, सुरू होणं

आणखी एक खड्डा. "तो दोन दिवस झाले आलाय." हे आपण "ही हॅज कम सिन्स टू डेज" असं करतो. येणं ही क्षणात होणारी गोष्ट आहे, ती दोन दिवस चालत नाही, म्हणजे तिला दोर बांधता येत नाही. चालू काय आहे? त्याचं इथे असणं. म्हणून "ही हॅज बीन हिअर फॉर टू डेज", नाहीतर सरळ "ही केम टू डेज अगो". "अगो" आलं की समजा दोर कापला, नुसता नांगर राहिला, तिथे साधा भूतकाळ.

लग्नाचंही तेच. "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?" म्हणजे "हाऊ लाँग हॅव यू बीन मॅरिड?" लग्न लागणं अर्ध्या तासाचं, लग्न झालेलं असणं पुढे चालू. जिल्ह्याचंसुद्धा बघा, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. "सिंधुदुर्ग हॅज बीन अ डिस्ट्रिक्ट सिन्स १९८१." वेगळा होणं एका दिवसाचं होतं, जिल्हा असणं आजही चालू आहे.

आणि "मला इथे येऊन पाच वर्षं झाली" हे ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी चांगली बातमी, इंग्लिशमध्ये याचा जवळजवळ जुळा भाऊ आहे: "इट हॅज बीन फाइव्ह इयर्स सिन्स आय केम हिअर." बघा, "झाली"ला "हॅज बीन", "येऊन"ला "सिन्स आय केम". हे वाक्य माझ्या वर्गात सगळ्यात लवकर बसतं.

"पण अर्थ कळतो ना, मग झालं!"

हा आक्षेप मी मनापासून मानते. "आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स २०१५" हे भारतात लाखो लोक बोलतात, समजतात, त्याने कोणाचं काही अडत नाही. असं बोलणाऱ्या माणसाला अडाणी समजणं मला तर अजिबात पटत नाही. दोन भारतीय माणसं आपसात असं बोलत असतील तर त्यांना मध्येच तोडून चूक काढू नये.

अडतं ते कुठे, जिथे समोरच्याला अर्थ कळतो, पण चुकीचा कळतो. आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी मुलं जहाजांवर नोकरीला आहेत, त्यांचे इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये होतात. तिथे विचारलं जातं, "हाऊ लाँग हॅव यू बीन सेलिंग?" आणि मुलगा घाईत म्हणतो, "आय सेल्ड फॉर फोर इयर्स." ऐकणाऱ्याला कळतं की चार वर्षं केलं आणि सोडलं. मराठीतसुद्धा "चार वर्षं केलं" आणि "चार वर्षं करतोय" यात हाच फरक आहे, म्हणजे फरक त्या मुलाला माहीत असतो, फक्त इंग्लिशमध्ये तो कुठे ठेवायचा ते माहीत नसतं. किंवा कोणी म्हणतो "आय अॅम हिअर फॉर टू इयर्स", त्याला म्हणायचंय दोन वर्षं झाली, ऐकणाऱ्याला वाटतं दोन वर्षांसाठी आलाय. बहिणीच्या पाहुण्यांबरोबर झालं तेच, फक्त इथे नोकरीचा प्रश्न असतो. अनुभव खरा असून कागदावर वेगळाच उतरला तर वाईट वाटतं, आणि एका "हॅव बीन"ने ते टळतं.

बोलताना हे शब्द फार भरभर जातात हेही सांगून ठेवते. "हाऊ लाँग हॅव यू बीन" यातला "हॅव" नुसता "व"सारखा निसटतो आणि "बीन" बऱ्याच जणांच्या तोंडी "बिन" होतो. म्हणून कान "हाऊ लाँग"वर ठेवा आणि त्याच्यामागे "बिन" ऐकू आलं की समजा मागचं विचारतायत, किती काळ झाला. "आर यू हिअर फॉर" ऐकू आलं तर पुढचं, किती दिवस राहणार.

होडी आज नसून काल असेल तर

शेवटचं एक, कारण जुन्या गोष्टी सांगताना लागतं. कधीकधी आपण आत्ताच्या क्षणापर्यंत मोजत नाही, मागच्या एखाद्या क्षणापर्यंत मोजतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं, तेव्हा आधीपासून पाऊस कोसळतच होता. तिथे "हॅज बीन"चं "हॅड बीन" होतं: "इट हॅड बीन रेनिंग हेविली." दोर तसाच, फक्त होडी त्या दिवशी उभी आहे, आज नाही.

रत्नागिरीच्या थिबा राजाचं उदाहरण मी वर्गात नेहमी देते. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा, इंग्रजांनी त्याला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ साली तो तिथेच वारला, परत मायदेशी गेलाच नाही. १९१० साली कोणी त्याला विचारलं असतं तर प्रश्न झाला असता, "हाऊ लाँग हॅव यू बीन लिव्हिंग इन रत्नागिरी?" आणि उत्तर, "फॉर ट्वेंटी फोर इयर्स." आज आपण त्याच्याबद्दल विचारताना म्हणतो, "हाऊ लाँग हॅड ही बीन लिव्हिंग इन रत्नागिरी व्हेन ही डाइड?" मुलं बोटांवर मोजतात आणि एकदम सांगतात, "थर्टी इयर्स, मॅडम."